बदल जाहीर झाल्यावर: मनुष्यबळ विभागात नव्याने आलेल्यांसाठी

मनुष्यबळ विभागात रुजू झालात की पहिल्या काही महिन्यांतच एक ईमेल तुमच्याकडे येतो. 'येत्या एक तारखेपासून जुनी पद्धत बंद, नवी सुरू. कृपया सर्व कर्मचाऱ्यांना कळवावे.' पद्धत कसलीही असेल: हजेरीची, शिफ्टची, मूल्यमापनाची, कधी अख्खे दोन विभाग एकत्र करण्याची. कळवण्याचं काम अर्ध्या तासात उरकतं. मग आठवडाभरात कोणी चिडतं, कोणी गप्प होतं, कोणाची रजा अचानक वाढते, आणि वरिष्ठ विचारतात, "लोकांचा विरोध आहे का?"

या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणू नका. 'विरोध' हा शब्द फार सोयीचा आहे. तो एकदा अहवालात लिहिला की पुढे कोणालाच काही शोधावं लागत नाही. मी स्वतः तो सुरुवातीला सढळ हाताने वापरला आणि त्यामुळे काय निसटलं ते पुढे सांगतो.

पायरी पहिली: बदल कामाच्या भाषेत लिहा

कोरा कागद घ्या. बदल ज्या दिवशी लागू होणार, त्या दिवशी सकाळी या माणसाच्या हातांना वेगळं काय करावं लागेल, एवढंच त्यावर लिहा. 'प्रक्रियेचं सुसूत्रीकरण' हे उत्तर नव्हे. 'आजवर माल पुठ्ठ्यावर रचत होतो, आता खोक्यात रचायचा' हे उत्तर आहे.

पुठ्ठ्याचं उदाहरण माझं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. तिथले कर्मचारी-व्यवस्थापक लेस्टर कोच आणि मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रेंच यांनी कामाची पद्धत बदलली की कामगारांचं काय होतं ते पाहिलं आणि 1948 साली निष्कर्ष छापले. इस्त्री करणारे कामगार अर्ध्या डझनाचे गठ्ठे सपाट पुठ्ठ्यावर रचत. आता ते खोक्यात रचायचे, एवढाच बदल. त्यांना बोलावून कारण सांगितलं, नवा दर सांगितला, शंका विचारू दिल्या. आपण आजही हेच करतो. पण उत्पादन घसरलं आणि वर आलंच नाही. पद्धत ठरवणाऱ्या अभियंत्याशी खटके उडाले, मुकादमाशी बिनसलं, दराविरुद्ध तक्रार झाली, आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक नोकरी सोडून गेले.

पुठ्ठा गेला म्हणून कोणी नोकरी सोडत नाही. तिथे पगार नगावर होता आणि ताशी 60 एकक हे प्रमाण मानलं जाई. तिथवर पोचायला हाताला महिनोन्महिने वळण लावावं लागे. पद्धत बदलली की ते वळणच आड येतं. नवशिक्याला शून्यापासून शिकायला जेवढा वेळ लागे, त्याहून जास्त वेळ मुरलेल्या कामगाराला नव्याने शिकायला लागतो, हेही त्या कारखान्यात दिसलं. कालपर्यंत ज्याच्या हाताचा वेग बाकीचे पाहत राहत, तो आज नवशिक्याच्या मागे. कागदावरच्या 'किरकोळ' बदलाचा त्या माणसाच्या लेखी अर्थ हा असतो. म्हणून पहिल्या पायरीत आळस करू नका.

पायरी दुसरी: शब्द नीट वापरा

या खात्याचे शब्द थोडे आहेत, पण एकमेकांत मिसळले की गोंधळ उडतो.

पुनर्रचना म्हणजे कोण कोणाला उत्तरदायी, कोणतं काम कोणत्या विभागाकडे, याची नवी मांडणी. कर्मचारीकपात म्हणजे पदंच कमी करणं. पुनर्रचनेत कपात असेलच असं नाही, पण कर्मचाऱ्यांच्या कानाला पहिल्या शब्दात दुसरा ऐकू येतो. तुम्हाला कपात नाही हे खात्रीने माहीत असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. माहीत नसेल तर 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका. तसंही मराठीत 'बदल' आणि 'बदली' यांत एका वेलांटीचंच अंतर आहे. घाबरलेला माणूस ती वेलांटी स्वतःच लावून घेतो.

पद कमी होणं आणि कामगिरीमुळे नोकरी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दोष माणसाचा नसतो. पत्राची भाषा दोन्हींत सारखी असेल तर तुम्ही एका निर्दोष माणसाला डाग लावून पाठवताय. रिस्किलिंग म्हणजे वेगळ्याच कामाचं नवं कौशल्य देणं आणि अपस्किलिंग म्हणजे आहे त्याच कामात पुढचं शिकवणं. 'तुमचं अपस्किलिंग करतोय' असं सांगून माणसाचं कामच बदलून टाकलं, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

गळतीचा दर काढायला सोपा आहे: ठरावीक काळात सोडून गेलेल्यांची संख्या भागिले त्या काळातली सरासरी कर्मचारीसंख्या, गुणिले 100. वर्षाच्या सुरुवातीला 120 आणि अखेरीस 110 माणसं असतील तर सरासरी 115, आणि 23 जण गेले असतील तर गळती 20 टक्के. आकडा काढून झाला की लगेच तो फोडा. स्वतःहून गेलेले किती, काढलेले किती, बदल जाहीर होण्याआधी किती आणि नंतर किती, आणि एकाच मुकादमाच्या हाताखालचे किती. न फोडलेला 20 टक्के सभेत दाखवायला बरा, पण त्यावरून पुढे काय करायचं ते ठरत नाही.

शेवटचा शब्द सगळ्यांत कामाचा: मानसिक करार. ही कल्पना ख्रिस आर्जिरिस यांनी 1960 मध्ये मांडली आणि डेनिस रूसो यांनी 1989 पासून ती नव्याने घडवली. नेमणूकपत्रात पगार, वेळ, नोटिशीचा काळ असतो. पण माणूस रोज कामावर येतो तो न लिहिलेल्या काही समजुतींवर. 'मी अडीनडीला थांबतो, त्याबदल्यात मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत मला कोणी अडवणार नाही.' 'मी दहा वर्षं दिली, तेव्हा मला विचारल्याशिवाय माझं टेबल हलणार नाही.' या समजुती कुठेच लिहिलेल्या नसतात आणि बहुतेकदा दुसऱ्या बाजूला माहीतही नसतात. बदल सगळ्या नियमांत बसत असतो आणि तरी यांतली एखादी समजूत मोडून जातो. 'असं थोडंच ठरलं होतं!' हे वाक्य ऐकलंत की समजा, लेखी कराराबद्दल कोणी बोलत नाहीये. अशा वेळी नियमावलीचं पान काढून दाखवणं ही नवख्यांची हमखास चूक.

पायरी तिसरी: कोणाचं काय जातंय ते शोधा

प्रत्येक बदलात कोणाचं तरी काहीतरी जातं. पैसा गेला तर तो दिसतो. वेळ, सवयीची जोडी, आपल्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही ही प्रतिष्ठा, वर्षानुवर्षांची अक्कलहुशारी हे सहसा दिसत नाही. विभागागणिक एक तक्ता करा आणि त्यात 'यांचं काय जातंय' असा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर समजा, तुम्ही अजून कोणाशी बोललेला नाहीत.

आता माझी गोष्ट. मी नवा असताना गोदामात नोंदींसाठी सॉफ्टवेअर आलं. महिन्याभराने फेरी मारली तर एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या खणात जुनी वही, तीही रोजच्या रोज भरलेली. मी अहवालात लिहिलं: नव्या प्रणालीला विरोध, समज द्यावी. समज दिली गेली, वही बंद झाली. पुढच्या तिमाहीत साठ्याचा हिशेब जुळेना. खूप शोधाशोध झाल्यावर कळलं की ऑर्डरचा माल कधी कधी दोन हप्त्यांत येई आणि अर्ध्या आलेल्या मालाची नोंद करायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती. ती नोंद वहीत होत होती. मी त्यांना म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "साहेब, वही का ठेवतो हे विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही वही ठेवू नका एवढंच म्हणालात."

तेव्हापासून कोणी जुनी पद्धत गुपचूप चालू ठेवली असेल तर मी आधी ती वही वाचायला मागतो. दहातल्या काही वेळा ती निव्वळ सवय असते. पण उरलेल्या वेळी नव्या पद्धतीतलं भोक तिथेच सापडतं.

पायरी चौथी: प्रतिसाद वाचायला शिका

यासाठी एक जुनं आणि टिकाऊ साधन आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये मांडलं की एखादी संस्था बिघडतेय असं वाटलं की माणसापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. यांतलं काय निवडलं जाईल त्यावर निष्ठेचा प्रभाव पडतो. पुढे 1980 च्या दशकात कॅरिल रस्बल्ट, डॅन फॅरेल आणि इतरांनी नोकरीच्या संदर्भात निष्ठेलाही स्वतंत्र प्रतिसाद मानलं आणि चौथा जोडला: दुर्लक्ष. हे चार प्रतिसाद दोन प्रश्नांवर विभागले जातात. माणूस काही करतोय की नुसता बसलाय? आणि त्याच्या वागण्याने नातं सुधारेल की तुटेल?

आवाज म्हणजे प्रश्न, तक्रार, सूचना, कधी संघटनेमार्फत आलेलं निवेदन. यात माणूस काही करतोय आणि त्याला नातं टिकवायचंय. बाहेर पडणं म्हणजे राजीनामा किंवा बदलीचा अर्ज. निष्ठा म्हणजे 'होईल ठीक' म्हणत वाट पाहणं. दुर्लक्ष म्हणजे हजर असून नसणं: उशीर, चुका, रजा, 'सांगाल तेवढंच करतो'.

निष्ठा आणि दुर्लक्ष बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघंही सभेत गप्प, दोघंही मान डोलावतात. मौन हे संमतीचं लक्षण असं आपल्याकडे म्हणतात, पण कार्यालयात ते धरून चालू नका. सभेत हात वर करून तिरकस प्रश्न विचारणारा माणूस त्रासदायक वाटतो, पण चारांतला सगळ्यांत उपयोगी प्रतिसाद तोच देतोय. त्याला 'नकारात्मक' ठरवलंत तर उद्या तो उरलेल्या तिघांत जाईल आणि तिथून तुम्हाला काही ऐकू येणार नाही.

दुसरी गोष्ट, एकाच माणसाचे सगळे प्रतिसाद एका दिशेचे नसतात. सँडी पिडेरिट यांनी 2000 मध्ये हा मुद्दा चांगला मांडला: डोक्याला काय पटतं, मनाला काय वाटतं आणि माणूस काय करायचं ठरवतो, हे तीन धागे वेगळे असू शकतात. 'बदल योग्यच आहे, पण मला धडकी भरते' असं म्हणणाऱ्याला फायद्यांचं सादरीकरण पुन्हा दाखवून काय साधणार? त्याला सरावाला वेळ हवाय. उलट, न घाबरणाऱ्या पण न पटलेल्या माणसाला धीर देत बसलात तर तो वैतागेल. त्याला आकडे हवेत.

प्रशिक्षणांत एक वळणदार आलेख हमखास दाखवतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. तो जपून वापरा. हे टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. नव्या हजेरी-ॲपला ते जसेच्या तसे लावणं मला तरी पटत नाही. शिवाय त्यात एक सोयीस्कर सापळा आहे. कोणी रास्त आक्षेप घेतला की 'सध्या रागाच्या टप्प्यात आहे, येईल वळणावर' असं म्हणून मोकळं होता येतं.

पायरी पाचवी: विचारा, पण खरं विचारा

बोलायला बसण्याआधी दोन याद्या करा: काय ठरलंय आणि काय अजून ठरायचंय. बैठकीत दोन्ही वाचून दाखवा. ठरलेली गोष्ट चर्चेला आहे असं भासवण्यापेक्षा 'हे ठरलंय, कारण हे' असं म्हणणं कितीतरी बरं.

हारवुडमध्ये दुसऱ्या गटांशी वेगळं वागून पाहिलं होतं. तिथे आधी दिसायला एकसारखे दोन कपडे समोर ठेवले. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. स्वस्त कोणता ते ओळखा म्हटलं, कोणालाच ओळखता येईना. खर्च कमी करण्याची गरज भाषणाशिवाय कळली. मग काही गटांत सगळ्यांनीच बसून नवी पद्धत आणि दर ठरवण्यात भाग घेतला. सूचना इतक्या भराभर आल्या की टिपून घेणाऱ्याची तारांबळ उडाली. या गटांचं उत्पादन लवकर सावरलं, पुढे आधीपेक्षा सुमारे 14 टक्के वर गेलं आणि कोणीही नोकरी सोडली नाही.

यावरून 'सहभाग घ्या, काम फत्ते' असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. फ्रेंच यांनीच सहकाऱ्यांबरोबर नॉर्वेमधल्या पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग केला, तो 1960 मध्ये छापला गेला. तिथे उत्पादनात फरक पडला नाही. कामगारांना ज्या बाबी ठरवू दिल्या होत्या त्या त्यांच्या लेखी फारशा महत्त्वाच्या नव्हत्या. भिंतीचा रंग निवडायला देऊन शिफ्ट आपण ठरवली, तर लोकांना ते कळतं.

एकेकट्याशी बोलताना मी तीन प्रश्न ठेवतो. "या बदलामुळे तुमच्या कामात सगळ्यात आधी काय अडेल?" "जुन्या पद्धतीतलं काय वाचवायला हवं?" "हे ठरवणाऱ्यांना कोणती गोष्ट माहीत नसावी असं तुम्हाला वाटतं?" तिसऱ्या प्रश्नावर माणसं खुलतात. 'तुमचं मत काय?' असं विचारलं तर 'ठीक आहे' यापलीकडे काही मिळत नाही. उत्तरं लिहून घ्या, आणि दोन आठवड्यांत त्या माणसाला सांगा की त्याच्या मुद्द्याचं काय झालं. फेटाळला गेला असेल तरी सांगा, कारणासकट.

पायरी सहावी: अफवांना मोकळी जागा देऊ नका

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 मध्ये अफवेचं एक सूत्र मांडलं: विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. नोकरीचं महत्त्व तुम्ही कमी करू शकत नाही. संदिग्धता मात्र तुमच्या हातात आहे, आणि हा गुणाकार असल्यामुळे ती शून्याजवळ नेली की अफवा आपोआप विरते. नवं काही सांगण्यासारखं नसेल तेव्हाही पुढची माहिती कोणत्या तारखेला मिळेल ते सांगा, आणि त्या तारखेला, नवं काही नसलं तरी, समोर या. मधल्या फळीतल्या पर्यवेक्षकांना सगळ्यांच्या आधी एक दिवस तरी सांगून ठेवा. ईमेल वाचून माणूस तुमच्याकडे येत नाही, आधी मुकादमाकडे जातो. 'मलाही आत्ताच कळलं' हे मुकादमाचं उत्तर तुमच्या साऱ्या सादरीकरणावर पाणी फिरवतं.

पायरी सातवी: लागू झाल्यावर मोजत राहा

बदलाआधीच्या तीन महिन्यांचे आकडे आधीच काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलनेला काहीच राहत नाही. गैरहजेरी, उशीर, चुका, जादा तास, बदलीचे अर्ज, तक्रारी. तक्रारी एकदम शून्यावर आल्या तर खूश होण्याआधी चौथी पायरी पुन्हा वाचा.

सुरुवातीला काम मंदावणारच. वरिष्ठांना ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात कोणी 'फसलं' असं जाहीर करणार नाही. आणि 70 टक्के बदल फसतात हा आकडा सादरीकरणात घालू नका. तो जिकडेतिकडे सांगितला जातो, पण मार्क ह्यूज यांनी 2011 मध्ये त्याचा माग काढला तेव्हा त्याला भक्कम पुरावा सापडला नाही.

कपात झालेली असेल तर उरलेल्यांकडे लक्ष द्या. 'वाचलो' या सुटकेबरोबर 'तो का गेला, मी का राहिलो' हा अपराधीभाव येतो, आणि पुढचा नंबर आपला तर नाही ही धास्तीही. गेलेल्यांचं काम कोण करणार हे कोणी सांगत नाही, ते आपोआप उरलेल्यांच्या अंगावर पडतं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाशी बसून दोन गोष्टी ठरवा: नवं काय करायचं आणि जुन्यातलं काय सोडून द्यायचं. दुसऱ्या यादीत काहीच आलं नाही, तर उठू नका.

आणि अहवालात 'विरोधक' म्हणून कोणाचं नाव लिहायची वेळ आलीच, तर हारवुडचा शेवट आठवा. ज्या गटाने भांडणं केली, ज्यातून लोक सोडून गेले, त्यातले उरलेले 13 जण अडीच महिन्यांनी दुसऱ्या कामावर हलवले गेले. या वेळी त्यांना सोबत बसवून पद्धत ठरवली. उत्पादन भराभर सावरलं, आधीच्याही वर गेलं. भांडण झालं नाही, कोणी राजीनामाही दिला नाही.